पाच परस पाणी

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी चढतं, असं मी स्वतःच्या हातानं लिहून खाली सही ठोकली. मी! भूजलाच्या कामात निम्मी हयात घालवलेली बाई.

येवल्याकडच्या एका गावात, बुद्धविहाराशेजारी, वस्तीची एकच विहीर. टँकर द्यायचा की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. वस्तीतल्या एक मावशी दर आठवड्याला दोर सोडून पाणी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या: 'पाच परस पाणी'. पुढे 'चार परस', मग 'तीन'. परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. मी गंगापूर रोडच्या ऑफिसात पंख्याखाली बसून ते आकडे कॉम्प्युटरवरच्या भूजलाच्या मॉडेलमध्ये भरले. आधी पाच परसांवर पाणी, मग चारावर, मग तिनावर. म्हणजे पाणी वर येतंय.

ऐन एप्रिलात? शंका आली, नाही असं नाही. पण जवळून कालवा जातो, आणि त्याचा पाझर किती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा न मोजलेल्या गोष्टी आम्ही उलट्या बाजूनं काढतो: मॉडेलचं पाणी विहिरीच्या आकड्यांशी जुळेपर्यंत पाझर कमीजास्त करत राहायचा. मी वाढवला. अजून वाढवला. आलेखात मॉडेलची रेघ विहिरीच्या ठिपक्यांवर अशी काही बसली की मी चक्क टाळी वाजवली. 'टँकरची गरज नाही' असं लिहून अहवाल धाडला, आणि वस्तीचा अर्ज फेटाळला गेला.

पंधरा दिवसांनी वस्तीवर गेले ती जरा मिरवायलाच. विहिरीत डोकावले. तळाचे दगड दिसत होते.

"अहो मावशी, हे काय? पाणी कुठं गेलं?"

"जायाचं कुठं? पिलो. दर साली आसंच जातंय."

"मग वहीत लिहिलंत ते?"

मावशींनी दोर सोडला, दगड तळाला टेकवला, वर ओढला आणि दोराचा ओला भाग मोजून दाखवला. ओला! विहिरीत पाणी किती उरलं, ते त्या लिहीत होत्या. मी मात्र कोरडा भाग धरून चालले होते, जमिनीपासून पाणी किती खाली ते. 'पाच परस पाणी' आणि 'पाच परसांवर पाणी', एवढाच काय तो फरक. आणि माझ्या लाडक्या पाझरानं ती चूक मुकाट्यानं पोटात घातली होती.

"उन्हाळ्यात पाणी चढत नाही, एवढं तरी सांगायचं होतं!" मी त्यांच्यावरच खेकसले. कसली निर्लज्ज मी!

"तुमी इचारलंच नाय, मॅडम. आकडे मागितले, आकडे दिले."

तिथूनच साहेबांना फोन लावला. अहवाल चुकलाय, चूक माझी आहे, आजच्या आज मागे घ्या. ते म्हणाले, आता नव्यानं अर्ज, नव्यानं पाहणी, टँकर यायला दहा दिवस तरी लागतील. मी ते मावशींना सांगितलं.

त्यांनी काठावरून वाकून विहिरीत पाहिलं.

"चार दिसांचं हाय," त्या म्हणाल्या.