पाहुण्याला गाजर

येरमाळ्याच्या फाट्यावरच्या हॉटेलमालकानं मकाव पाळलाय, निळा-पिवळा मोठा परदेशी पोपट. कॉलेजला जाण्याआधी त्याचं खाणं मी बघतो. त्याची पिसं गळू लागली, तेव्हा डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं. मी पपई, गाजर, मोडाचे मूग ठेवू लागलो. पण रोज एसटीची वाट बघत एक काका तिथं चहा प्यायचे. उपरण्याला बोटं पुसायचे आणि पिंजऱ्यात भजं सरकवायचे. पोपट गाजर टाकून भज्यावर झडप घालायचा.

मोठ्यांशी वाद घालणं मला जमत नाही. "काका, पाया पडतो, नका देऊ."

"अरं, लई लांबून आलेला पाहुणा हाय. पाहुण्याला कुणी गाजर वाढतं व्हय?"

रोज हेच उत्तर. एकदा वैतागून म्हणालो, "पाहुणा चार दिवस राहतो, काका. हा तीन वर्षं इथंच आहे."

त्यांनी हातातलं भजं मागं घेतलं. मग गाजर उचलून पोपटापुढं धरलं. "घरचा हायेस व्हय? मग खा गुमान."

पोपटानं ते खाल्लं. मला हायसं वाटलं.

"आन् तू रं, कुठल्या गावचा?"

"ईट गावचा. इथं कॉलेजपुरता राहतो."

त्यांनी भजं माझ्या हातावर ठेवलं.