आईचा पंखा

वाचकहो, मी शाळेत विज्ञान शिकवते. कारणाशिवाय काही घडत नाही, हे वर्गात सांगते आणि स्वतःही मानते. म्हणूनच जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते आहे…

वसई पश्चिमेला आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरमालक परदेशात, भाडेकरूंचं सगळं पाहायचे ते इमारतीचे मॅनेजर, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातले बस्त्यावकाका. पिण्याचं पाणी थोडाच वेळ येई, तेव्हा ते दारोदारी बेल वाजवत. माझ्या आईला मात्र बेल ऐकूच जात नाही. काकांनी तोड काढली — खालच्या मीटररूममध्ये आमचा मेन स्विच क्षणभर बंद करायचा.

“आजी, पंखा थांबला की समजायचं, पानी आलं!” ते तिच्या कानाशी ओरडले.

“आणि खरंच लाइट गेली तर?”

“तर तुमची एक फेरी फुकट!”

पुढे गुडघे दुखू लागले, तसं काकांनी काम सोडलं. नवे मॅनेजर आले.

त्यानंतर काही दिवसांनी मी शाळेत असताना आई दुपारी झोपली होती. पंखा थांबला, उकाड्याने ती जागी झाली, तोच तो पुन्हा फिरू लागला. पाणी आलं समजून ती स्वयंपाकघरात गेली, तर — बंद करायला विसरलेल्या गॅसशेजारी फडक्याने पेट घेतला होता! तिने गॅस बंद केला, कळशीतलं पाणी ओतलं. नळ कोरडाच होता.

संध्याकाळी मी रीतसर चौकशी केली. शेजारी कुणाचीही वीज गेली नव्हती. मीटररूमला कुलूप होतं. किल्ली घेऊन नवे मॅनेजर पंपाच्या कामासाठी वसई पूर्वेला वालीवला गेले होते. शिवाय ही खूण त्यांना ठाऊकच नव्हती. इलेक्ट्रिशियनलाही वायरिंगमध्ये दोष सापडला नाही.

काकांना फोन केला. दुपारचं सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, “टीचर, दुपारी जाळं शिवत होतो. एकदम आठवलं, नवीन मानसाला आजींच्या पंख्याचं सांगायचंच राहिलं! उद्या सकाळीच येतो सांगायला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी ते आले. नव्या मॅनेजरांना स्विच दाखवला. वर पंखा थांबला, आईने नळ सोडला — पाणी होतं. मागोमाग काका दारात.

“काय आजी, कळलं ना?”

“कळलं रे. पण काल कशाला आलास एवढ्या उन्हात? पाणी तर नव्हतंच!”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग दोघांनीही पंख्याकडे.