दसऱ्याला मोजलेलं पाणी

माझा स्वभाव हट्टी आहे हे लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो हट्ट पाणी मोजण्यात खर्ची पडेल, असं मात्र कोणालाच वाटलं नव्हतं.

परळच्या कॉलेजात पीएचडी करताना मी पाण्यात अॅल्युमिनाचे डोळ्यांना न दिसणारे कण मिसळायची आणि त्यात तापवलेली सुई बुडवून ते पाणी उष्णता किती पटकन वाहून नेतं ते मोजायची. असा द्रव यंत्रं थंड ठेवायला साध्या पाण्याहून चांगला, हे मला सिद्ध करायचं होतं. अडचण एकच. कण वाढले की द्रव दाट होतो, आणि दाट द्रव नळीतून ढकलायला पंपाला जास्त जोर लागतो. उष्णतेचा फायदा त्या जोरापेक्षा मोठा ठरला, तरच माझ्या चार वर्षांना अर्थ होता.

तो ठरलाही. आकडे इतके देखणे आले, की माझ्या मार्गदर्शक सरांनी ते परिषदेच्या निबंधात घालून टाकले. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

मार्चमधल्या एका दुपारी बाटलीवरची चिठ्ठी निघाली होती, म्हणून मी चुकून साधंच पाणी मोजलं. चूक कळली तेव्हा पाहिलं, तर आकडा साध्या पाण्याच्या जुन्या आकड्यापेक्षा जास्त होता. साधं पाणी कशाला सुधारेल? मी वही उघडली. साध्या पाण्याचं माप एकदाच घेतलं होतं, गेल्या दसऱ्याला. त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांना हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून मुहूर्ताचं एक माप घ्यायची पद्धत आहे. मुहूर्ताचं माप परत कोण घेतं?

खिडकीबाहेर, जुन्या गिरणीच्या जागेवर, टॉवरचा पाया घालणारं यंत्र धडाधड आदळत होतं. दसऱ्याला त्याचीही पूजा होती, ते बंद होतं. नंतरचे सगळे दिवस जमीन हादरत होती, भांड्यातला द्रव हलत होता आणि तापलेल्या सुईची उष्णता पळवत होता. त्याचं श्रेय मी कणांना देत बसले होते. स्वतःचा इतका राग आला की वही भिंतीवर फेकली. मग मुकाट्याने उचलली.

समोरचे कामगार एक ते दोन जेवायला थांबत. त्या तासात मी परत मोजलं. पाणी दसऱ्याच्या आकड्यावर आलं आणि माझा लाडका द्रव धाडकन खाली.

मी सरांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "निबंध गेलाय आता. कोण बघायला येणारे? तू थिसिस लिहायला घे."

"सर, मला सगळं परत मोजायचंय."

"थिसिस द्यायला दोन महिने राहिलेत."

"दुपारचा एक तास मिळतो ना. बास झाला."

बास कसला! एका तासात जेमतेम तीन मापं व्हायची. द्रव ढवळल्यावर शांत होऊ द्यावा लागतो, आणि फार थांबलं तर कण तळाशी बसतात. डबा तीनला उघडायचा. आई वैतागायची, "गो, जेवक येळ गावणा नाय तुका?" रात्री प्रयोगशाळेला कुलूप असायचं; रविवारीही ते यंत्र चालूच, आणि मीही जातच होते. दाटपणाची मापंही परत घेतली. ती मात्र तसूभरही हलली नाहीत.

मेअखेरीस तक्ता पुरा झाला. उष्णतेचा सगळा फायदा पंपाच्या जोरात जात होता. माझ्या द्रवापेक्षा नळाचं पाणी बरं. जिन्यात बसून मी पोटभर रडले, आणि डोळे पुसून तोच निष्कर्ष टाइप केला. सरांनी निबंध मागे घेतला. पंधरा दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

सादरीकरणाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे तुमचा द्रव उपयोगाचा नाही?"

"या कामाला नाही."

"मग पदवी कशाची द्यायची आम्ही?"

माझे सर टेबलाकडे बघत होते. मी तक्ता परीक्षकांपुढे सरकवला.

"सर, हे आकडे कोणीही, कुठेही घेऊन बघावेत. हेच येतील."

चार वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदाच म्हणता आलं होतं.