मेंढ्याच्या गळ्यातलं नाणं

“ही नाणी कालची आहेत,” जागीरदार म्हणाले. “मुन्शीजी, अमीनला बोलवा.”

अमीन म्हणजे निजामी राज्यातला फौजदार. समोर टेंभुर्णीकडचा भिवा धनगर हात जोडून उभा होता. जुन्या नाण्यांसाठी जागीरदारांनीच दवंडी पिटवली होती. विहीर खणताना मिळालेली सात नाणी घेऊन तो जालन्याला आला, आणि आता फसवणुकीच्या आरोपाखाली कोठडीत जायची वेळ आली.

जागीरदारांच्या संग्रहाचं कॅटलॉग करणं ही माझी नोकरी. नाणी रोमन प्रांतांची वाटत होती. राजा रोमचा, टांकसाळ प्रांतातली, अक्षरं बहुधा ग्रीक. असं ब्राँझ शतकानुशतकं जमिनीत राहिलं की हिरवा थर धरतं. नाण्यांविषयी जागीरदारांना एवढंच ठाऊक होतं, आणि ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. ही सात मात्र नव्या घंगाळासारखी चमकत होती.

“मालक, मोठ्या मानसाकडं मळकं कसं आनावं?” भिवा म्हणाला. “घरवालीनं दोन दिस चिच अन् राख लावून घासलेत.”

“साहेब, प्रत्येकावर ठसा वेगळ्या बाजूला सरकलाय,” मी म्हणालो. “साच्यात ओतली असती तर सगळी एकसारखी निघाली असती.”

“मला हिरवं दाखवा.”

मी भिवाकडे वळलो. “सगळी घासली?”

“एक न्हाई. ते मेंढ्याच्या गळ्यात हाय, नजर लागू न्हाई म्हनून.”

“मग काढून आण.”

“नजरंचा दोरा असा सोडत न्हाईत, मुन्शीजी. मंग मेंढाच आनतो. खाली उभा हाय.”

मेंढा जिना चढून आला आणि इराणी गालिच्याच्या मधोमध उभा राहिला. नाणं त्याच्या दाट लोकरीत रुतलं होतं. भिंग घेऊन जागीरदार गुडघ्यांवर बसले. आधी त्यांनी मेंढ्याला पाहिलं, मग मेंढ्याने त्यांना.

“हिरवं आहे,” ते हळूच म्हणाले. “बिलकुल हिरवं. पण भोक पाडलंय.”

“हो. पण राजा तोच, अक्षरंही तीच. त्या सातांचंच भावंड आहे.”

अमीनचा विषय पुन्हा निघाला नाही. जागीरदारांना आता आठही हवी होती. भिवा हलेना.

“गळा रिकामा ठिवून कसा नेऊ?”

जागीरदारांनी मुद्रा कोरलेलं शेरवानीचं एक पितळी बटण तोडून दिलं. भिवाने ते निरखलं, दोऱ्यात ओवून बांधलं, आणि मगच नाणं सोडलं.

कॅटलॉगात ‘जागीरदारांनी स्वतः शोधलेली नाणी’ असं लिहायचा हुकूम झाला. मी लिहिलं. खाली बारीक अक्षरांत मेंढ्याचाही उल्लेख केला. तेव्हापासून नाणं हातात घेण्याआधी मी एकच विचारतो, हे कोणी घासलं?