कमळाबाईंची पक्की न्हाणी

काळुराम गवंड्याने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कमळाबाईंच्या घरची जुनी न्हाणी पाडली, "पंधरा दिसांत नवी उभी करतो" असं सांगितलं आणि तो जेवायला गेला. परत आला तो कार्तिक अर्धा सरल्यावर. मधे भातं कापणीला आली होती, आणि शेतात भात उभं असताना ठाण्याच्या आसपासचा कुठलाही गवंडी थापी हातात धरत नाही, हे कमळाबाईंच्या नवऱ्याला, हरिहरपंतांना, कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. पण हरिहरपंत पडले कलेक्टर कचेरीतले कारकून. कागदावरचं काम त्यांना सगळं कळे, कागदाबाहेरचं एकही कळत नसे.

न्हाणी पाडणं भागच होतं म्हणा. टेंभी नाक्याच्या अलीकडचं त्यांचं घर कौलारू, चार खणांचं. न्हाणी मातीच्या भिंतींची, आत बसायला एक दगड. वर्षानुवर्षं पाणी मुरून मुरून त्या पावसाळ्यात चुलीमागची भिंत फुगली आणि तिच्यातला खांब तळाशी कुजलेला निघाला. तेव्हा ठरलं की आता पक्कंच काम करायचं. खाली काळ्या दगडाची फरशी, विटांच्या भिंती, वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. ठरवलं हरिहरपंतांनी, आणि ठरवून ते कचेरीत गेले. घरात राहिली कमळाबाई.

कमळाबाई तेवीस वर्षांची. सहा वर्षांची शालू, कडेवर दोन वर्षांचा दिगू, आणि पोटातलं तिसरं फाल्गुनात यायचं होतं. शिवाय सासूबाई. सासूबाई विधवा होऊन अठरा वर्षं झाली होती आणि या अठरा वर्षांत त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एकच उरलं होतं, ते म्हणजे सोवळं. ते त्या इतक्या कडक पाळत की त्यांच्या वाळत घातलेल्या लुगड्याजवळून जाताना शालूसुद्धा श्वास रोखून धरी.

आता ज्या घरात आंघोळ झाल्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही, त्या घराची न्हाणी काढून घेतली तर काय होतं? शेजारच्या विमलाबाई मनाने चांगल्या. "आमची न्हाणी काही खाऊन टाकणार नाही हो कोणी," असं म्हणाल्या. पण त्यांच्याकडे माणसं अकरा. ती उठायच्या आत कमळाबाईने आंघोळ उरकायची, म्हणजे पहाटेच्या अंधारात कळशी घेऊन, पोट सावरत, दोन परसं ओलांडून जायचं. ओलेत्याने परत यायचं. तेवढ्यात दिगू उठून रडत रडत येऊन पायांना मिठी मारी, आणि तो पारोसा शिवला की सासूबाई दारातूनच म्हणत, "झालं." त्या एका शब्दावर कमळाबाई मागे वळे आणि पुन्हा कळशी भरी. असं आठवड्यातून तीनदा तरी होई.

सासूबाईंना विमलाबाईंची न्हाणी चालत नसे. त्या घरात कोणी कशाला शिवतं याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या कौपिनेश्वराजवळच्या तळ्यावर जात. साठीची बाई, मार्गशीर्षाची थंडी. एकदा शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या, गुडघा सुजला. आठ दिवस कमळाबाईने तो सागरगोट्याचा लेप लावून शेकला. नवव्या दिवशी त्या लंगडत पुन्हा तळ्यावर निघाल्या. कोणी अडवलं नाही, कारण अडवून ऐकणारी ती बाईच नव्हती.

काम चाललं होतं, नाही असं नाही. परसात चुन्याची घाणी बसली. बैल दिवसभर गोल फिरे, चाकाखाली चुना आणि वाळू भरडली जाई, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी पडे. शालू त्या गुळाच्या ढेपेभोवती घिरट्या घाली. भिंतीची धूळ दुधात, पिठात, अंथरुणात. कमळाबाई दिवसातून चार वेळा स्वैपाकघर झाडी आणि चारही वेळा तितकीच धूळ निघे. फरशी बसली तेव्हा काळुरामने उताराला दोरी धरली खरी, पण पाणी ओतून पाहिलं तर ते मोरीकडे न जाता सरळ चुलीकडे निघालं. फरशी उखडली. पुन्हा पंधरा दिवस. काळुरामच्या हाताखाली बायजा नावाची बाई होती, खाडीकडच्या मिठागरांतली. तीच काय ती कधीतरी कमळाबाईकडे बघून म्हणे, "बस गं बाय जरा, पोटात पोर हाय तुझ्या." कमळाबाई हसे, आणि बसत नसे. एकदा बसलं की उठवणार नाही, अशी तिला भीती वाटे.

माघ उजाडला तेव्हा भिंती झाल्या होत्या, उतार सरळ झाला होता आणि फक्त शेवटचा झिलईचा गिलावा राहिला होता. त्यानंतर आठ दिवस तो ओला ठेवायचा आणि मग संपलं. कमळाबाई दिवस मोजत होती. तिला नववा लागला होता. पाय सुजून तोडे रुतत होते. बाळंतपणाच्या आधी ही न्हाणी झाली नाही तर ओली बाळंतीण न्हायची कुठे, हा एकच विचार तिच्या डोक्यात उठताबसता असे.

गिलाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई देवळात पुराणाला गेल्या होत्या. कमळाबाई काळुरामला प्यायला पाणी द्यायला परसात आली, तो दिगू केळीखाली बसून काहीतरी पांढरं पांढरं चुरत होता. तिने जवळ जाऊन पाहिलं. अंड्याची टरफलं होती. एकदोन नव्हेत, ढीगच होता. शेजारी बायजा घमेल्यात काहीतरी घुसळत बसली होती.

"काळुराम," कमळाबाई म्हणाली, "हे काय आहे?"

काळुरामने भिंतीवरून थापीही उचलली नाही. "अंडी हायेत, वैनीबाय. पांढरं तेवढं चुन्यात घालतो, पिवळं आमची पोरं खातात. त्याबिगर झिलई येत नाय. पाणी झिरपून परत तुमची चुलीची भित पडंल."

"आमच्या घरात?"

आता तो वळला. तिचा चेहरा पाहून त्याला काय घडलं ते समजलं असावं, कारण त्याने थापी खाली ठेवली. "माज्या बापानं पारशाच्या बंगल्यात न्हाणी केली ती अशीच. मला काय ठावं, तुमाला चुन्यातलं बी चालत नाय म्हनून. कुनी इचारलंच नाय." मग जरा थांबून म्हणाला, "काढून टाकतो, सांगा. खरवडून काडायचा नि नवा चुना मुरवायचा. शिमगा होऊन जाईल."

तीन भिंती झाल्या होत्या, चौथी अर्धी झाली होती. आरशासारख्या लखलखत होत्या. कमळाबाई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तिला एकदम रडू आलं आणि मग आपल्याला रडायलाही आता ताकद नाही असं वाटून ते थांबलं. शिमग्यानंतर, म्हणजे बाळंत झाल्यावर. म्हणजे पुन्हा ती घाणी, ती धूळ, त्या पहाटेच्या कळशा, आणि तळ्याच्या पायरीवर सासूबाईंचा तो गुडघा.

तिने दिगूच्या मुठीतलं टरफल काढून घेतलं. "बायजा," ती म्हणाली, "हे सगळं पाटीत भर आणि जाताना खाडीत टाक. आणि उरलेली भिंत उद्यापर्यंत संपवा."

एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा तिने घरातल्या कोणाला न विचारता काही ठरवलं होतं, आणि ते हे असं.

मग मात्र तिचं सुख हरपलं. भिंतीवर पाणी मारताना ती मान खाली घाली. सासूबाई रोज लंगडत येऊन दारातून बघत. "छान झालं हो. तळ्याची पायरी सुटली एकदाची," म्हणत, आणि कमळाबाईला वाटे की आपण यांना फसवतोय, अठरा वर्षांचं यांचं पुण्य आपण बुडवतोय. पाप कोणाच्या माथी लागेल? माझ्या लागो, पोटातल्याच्या नको, असं ती देवाला सांगे. नवऱ्याला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. हरिहरपंतांनी दुसऱ्या दिवशी भिंती पाडायला लावल्या असत्या आणि कचेरीत निघून गेले असते.

नवव्या दिवशी सासूबाईंनी न्हाणीत गोमूत्र शिंपडलं. हंड्यात पाणी तापलं होतं. कमळाबाईने मनाशी पक्कं केलं होतं की सासूबाई आत जायच्या आधी सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो. त्यांना माहीत नसताना त्यांना तिथलं पाणी अंगावर घेऊ द्यायचं नाही.

"सासूबाई," ती म्हणाली.

"आधी तू बस," सासूबाई म्हणाल्या. "तुला न्हायला घालते, मग माझी करते. दोनदा कशाला भिजू?"

कमळाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. सासूबाईंनी लग्नानंतर तिला कधी न्हायला घातलं नव्हतं. ती पाटावर बसली. डोक्यावर कढत पाणी पडलं, मग शिकेकाई, मग त्या म्हाताऱ्या बोटांनी तिचे केस चोळायला सुरुवात केली, हळूहळू, टाळूपासून मानेपर्यंत. "किती धूळ साचलीय गं," सासूबाई म्हणाल्या. "सगळा पावसाळ्यापासूनचा भार तुझ्यावर पडला. मला दिसत होतं. बोलले नाही."

कमळाबाईचा बांध फुटला. ती गुडघ्यांत तोंड घालून रडली आणि रडता रडताच बोलली, "सासूबाई, या गिलाव्यात अंडी घातलीयत. मला ठाऊक होतं. मीच गप्प राहिले."

केसांतली बोटं थांबली. सासूबाईंनी मान वर करून एकेका भिंतीकडे पाहिलं, चारी भिंतींकडे. मग गुडघ्यावर हात टेकून त्या जरा खाली वाकल्या आणि त्यांनी तांब्या हंड्यात बुडवला.

"डोळे मीट," त्या म्हणाल्या. "शिकेकाई जाईल."

आणि त्यांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. तिचं झाल्यावर त्यांनी तिला बाहेर घालवलं, दार लावून घेतलं आणि आत आपली आंघोळ केली. बाहेर कमळाबाईला ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा आणि नेहमीच्या स्तोत्राचा आवाज आला, एकही ओळ न गाळता.