ताडीवर फुगलेले चिनी बन

आईने मोदकपात्राचं झाकण उचललं की आधी काहीच दिसायचं नाही, नुसती वाफ. मग त्या वाफेतून पांढरेशुभ्र, गुबगुबीत गोळे हळूहळू उमटायचे, माथ्यावर चुण्या असलेले, पण मोदकासारखे टोकदार नव्हेत. तान्ह्या बाळाच्या मुठीसारखे मिटलेले. आलं, कोबी आणि भाजलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, यांचा वास दोन्ही खोल्यांत भरून राहायचा आणि त्याच्यामागून, अगदी दबकत, एक गोडसर आंबूस दर्प यायचा... आमच्या घरातला सर्वांत मोठा अबोला त्या दर्पामुळे झाला, आणि आज मी सर्वांत जास्त झुरते तीही त्याच दर्पासाठी.

बोईसरजवळ सरावलीला, कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत आम्ही राहत होतो. आई, अण्णा आणि मी. साल ऐंशीच्या पुढेमागे असेल. समुद्राकडून वारा आला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा, फिरला की कारखान्यांचा, नाकाला झोंबणारा. आणि या दोघांना न जुमानता आईच्या फोडणीचा वास आपली जागा पटकावून बसायचा. आई-अण्णा मूळचे सोलापूरकडचे. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढी विद्या घेऊन आलेली ही बाई वर्षभरात बोंबील साफ करायला शिकली, आणि तेवढ्यानेही तिचं समाधान होईना. वाचनालयातल्या मासिकांमधून ती दूरदूरच्या पाककृती एका निळ्या वहीत उतरवून घ्यायची. जो जिन्नस मिळत नसे, त्याच्यापुढे कंसात स्वतःचा तोडगा लिहायची. सोया सॉसपुढे लिहिलं होतं — करपवलेला गूळ, चिंचेचा कोळ, मीठ.

खोडकरपणाही भरपूर होता तिच्यात. एका उन्हाळ्यात तिने दुधात चायना ग्रास उकळून बशीत गोल थापलं, मधोमध आमरसाचा पिवळाधमक उंचवटा थिजवला, वर वेलदोड्याची पूड मिरपुडीसारखी भुरभुरली आणि ते 'हाफ फ्राय' शेजारच्या काकूंपुढे सरकवलं. काकूंची अंगारकी होती. "अगं, आज अंडं?" म्हणत त्या दाराशी सरकल्या. "कोंबडीचा काही संबंध नाही, खाऊन तर बघा," आई शांतपणे म्हणाली. काकूंनी दोन संपवली आणि तिसरं काकांसाठी वाटीखाली झाकून नेलं.

पण चिनी बन काही तिला वश होईनात. त्यांना यीस्ट हवं, आणि बेकरीतून आणलेली पुडी दर वेळी मेलेलीच निघायची. पीठ जागचं हलायचं नाही. वाफवल्यावर जे निघायचं, ते उचलून बघत अण्णा म्हणायचे, "एक दाराला अडसर म्हणून ठेव." आई हसायची, पण तिला ते लागायचं, हे मला कळत होतं.

आलेवाडीहून पार्वतीमावशी आमच्याकडे मासळी घेऊन यायच्या. त्यांनी एकदा टोपली पायरीवर टेकवली, तसला एक बन हातात घेऊन बोटाने वाजवून पाहिला आणि निकाल दिला, "बाय, याला ताडी पायजे. वसईकडं पाव ताडीवरच फुगतो. सकालची ताजी ताडी आनून देते मी, दुपारपावेतो पीठ वर येते का नाय बघ."

आईने लगेच होकार दिला नाही. कारण आमच्या घरात तात्या होते... म्हणजे नव्हते, पण होते. तात्या अण्णांचे वडील. ते शिंदी प्यायचे. ताडीचीच सोलापुरी बहीण ती, झाडाच्या रसाची, तशीच आंबूस. तिच्यापायी त्यांचं काम गेलं, मग तब्येत, आणि अण्णा चौदा वर्षांचे असताना ते स्वतःही गेले. पुढे घर मांडताना अण्णांनी एकच नियम केला होता, असल्या गोष्टीचा थेंबही उंबरा ओलांडणार नाही. चाळीत कुणी पिऊन आलं तरी ते आमचं दार लावून घेत.

दोन दिवस विचार करून आईने मावशींना होकार दिला. मला म्हणाली, "पिणार कोण आहे? पिणार ते पीठ. अण्णांना मीच सांगेन, पण आधी बन तर फुगू दे."

आणि काय फुगले ते. दुपारी कापड उचललं तर पीठ परातीच्या काठावरून खाली डोकावत होतं. उरलेली ताडी आईने सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरली, झाकण घट्ट फिरवलं आणि बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवली. ताडीचं तोंड बांधायचं नसतं, ती आतल्या आत उसळत राहते, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच मावशींनी ते सांगितलं नव्हतं, आणि आम्ही पडलो घाटावरचे.

पहिली पाळी संपवून अण्णा आले. पाटावर बसले आणि एकामागून एक तीन बन खाल्ले. "जमलं तुला," म्हणाले. आईचा चेहरा तेव्हा जसा झाला होता, तसा मी नंतर कधी पाहिला नाही. त्यांनी चौथा उचलला आणि त्याच वेळी डब्यामागे धाडकन आवाज झाला. झाकण उडून छताच्या पत्र्यावर आदळलं आणि फळीवरून पांढरा फेस खाली ओघळू लागला. वास घरभर झाला.

"कशाची बाटली?"

"ताडीची," आई म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही तिचा. "बनांत घातलीय. तुमचं खाणं झालं की सांगणार होते."

अण्णांनी हातातला बन अगदी हळू ताटात ठेवला, बाहेर गेले आणि नळावर कितीतरी वेळ हात धूत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी निळी वही पेटीच्या तळाशी गेली. पुढचे दोन महिने भाकरी, आमटी, भात. भात, आमटी, भाकरी. चवीला बोट ठेवायला जागा नव्हती, पण आई रांधताना गुणगुणायची ते थांबलं. ती पुन्हा कधी वही उघडणार नाही, अशी भीती मला रोज वाटायची. मावशी बाटलीची हकिकत ऐकून आधी हसल्या, "झाकन लावलंस? ताडीला झाकन लावतात काय?" मग पुढचं ऐकल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "मला ठाव नव्हतं, बाय."

मग एका सकाळी, रात्रपाळी करून सातला घरी येणारे अण्णा नऊ वाजले तरी आले नाहीत. आई दारात उभी. शेवटी सायकल दिसली. हँडलला स्टीलचा डबा, त्याच्या तोंडावर नुसतं ओलं फडकं. अण्णांनी तो ओट्यावर ठेवला.

"झाकण लावू नकोस," ते म्हणाले. "पार्वतीबाईंनी बजावलंय."

आईने फडकं उचलून पाहिलं. "एवढी कशाला आणलीत? एक वाटी पुरते."

"उरेल ती झाडाला घाल," म्हणून ते झोपायला गेले. त्या दुपारी त्यांनी चौथा बनही खाल्ला. ते कसे विरघळले, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, आई जिंकली.

आईला जाऊन आता सहा वर्षं झाली. अण्णांनी ऐंशी ओलांडली, ते माझ्याकडे पालघरला असतात. यीस्ट आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि कधी दगा देत नाही. मागच्या महिन्यात मी चिनी बन केले, आईच्यापेक्षा काकणभर जास्तच फुगलेले. अण्णांनी एक फोडला, नाकाशी नेला आणि तसाच ठेवला.

"छान झालेत," म्हणाले, "पण वास नाही."

"यीस्टचे आहेत, अण्णा."

अण्णांनी ताटली बाजूला सरकवली. "लहानपणी मी तात्यांच्या कुशीत झोपायचो. त्यांच्या सदऱ्याला तो वास असायचा... त्या दिवशी तिसरा बन खाताना मला कळलं होतं, बाई, यात काय आहे ते. बाटली नंतर उडाली. तरी मी चौथा उचलला होता. मग तुमच्या दोघींसमोर रडू येईल असं वाटलं, म्हणून उठलो."

मी पेटीतून निळी वही काढली. चिनी बनांचं पान पिठाने अजून खरखरीत आहे. यीस्टपुढच्या कंसात आईच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलंय — ताडी, एक वाटी. झाकण लावू नये. हे आणून देतील.

अण्णांना आता सायकल झेपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आणि फडकं घेऊन आलेवाडीला मीच निघाले.