मगरेंच्या पातेल्यांचा नियम

चहा झाला की मगरे कप मोजत. मीटिंग कुणाचीही असो, सगळे कप परत आल्याशिवाय ते दारातून हलत नसत. जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कारखान्यात सॉफ्टवेअर विभाग दोघांचा, ते आणि मी. पण हसनाबादच्या विहारातल्या लग्नाकार्याच्या भांड्यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि त्यांच्या मते खरी नोकरी ती. "मॅडम, वाकडं झालेलं पातेलं चालंल, न आलेलं बिलकुल न्हाई चालनार," असं ते सांगत.

आमचं काम बी निवडणाऱ्या मशीनचं. कॅमेरा घसरत येणाऱ्या बियांचे फोटो काढतो, आमचा प्रोग्राम खराब बी ओळखतो आणि हवेचा झोत ते उडवतो. दर फोटोसाठी प्रोग्राम थोडी मेमरी घेतो. परत करायला विसरला की संगणक तुंबतो, आणि आमचा रोज तुंबायचा.

कोड आम्ही एआय मदतनीसाकडून लिहून घेत असू. दर वेळी त्याला तेच ते बजावायचा मगरेंना कंटाळा आला. अशा वेळी कामाची पद्धत एकदाच फाइलमध्ये लिहून ठेवतात. मदतनीस दर वेळी ती वाचून कामाला लागतो. तिला 'स्किल' म्हणतात. मगरेंनी लिहिलं:

"ज्यानं पातेलं नेलं त्यानंच परत आनायचं. नाव टाकलेलं असावं. घासूनपुसून आनायचं. बहाना चालनार न्हाई."

खाली 'पातेलं म्हणजे मेमरी' एवढाच खुलासा. मी हसले. मदतनीस हसला नाही. त्यानं निमूटपणे सगळा कोड तसा करून दिला आणि संगणक तुंबायचा थांबला.

पण मशीन मंदावलं. बी पुढं निघून जायचं आणि झोत मागून यायचा. खराब बी सुखरूप पोत्यात, चांगलं कचऱ्यात. कारखान्याचे शेठ येऊन पाहून गेले. जाताना म्हणाले,

"शुक्रवारी चाचणी घेतो. जमलं न्हाई तर बाहेरचं सॉफ्टवेअर आणू. मंग तुमच्या विभागाला तरी काय काम, मगरे?"

म्हणजे आम्ही दोघंही घरी.

गुरुवारी मी मदतनीसाला प्रोग्रामचा वेळ कुठं जातो ते मोजायला लावलं. निम्म्याहून जास्त वेळ पुसण्यात! मेमरी परत करण्याआधी मदतनीसाचा कोड तिच्यात शून्यं भरून ती लख्ख करत होता. नियमच तसा होता.

"आरारा! भांडे घासून राह्यला हा, अन् वऱ्हाड उपाशी!"

"मग काढा ती ओळ."

"खरकटंच परत करायचं? शोभतं का, मॅडम?"

"आत बघायला कोण येणार आहे?"

"बघनाऱ्याचं न्हाई हो. त्याला सवय लागली तर?"

जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडता स्क्रीनसमोर बसून राहिले. शेवटी मी ओरडले, "मगरे, नोकरी चालली आपली!" तेव्हा कुठं बोटं हलली:

"एकाच घरात त्याच पातेल्यात पुन्हा भात टाकायचा असंल तर परत करू नये, घासतबी बसू नये. जवळच ठेवावं. कार्य उरकलं की एकदाच परत. दुसऱ्याच्या घरी जानार असंल तर मात्र घासूनच."

बरोबरच होतं. नवा फोटो जुन्यावर पूर्ण बसतो. मधे पुसायची गरजच नव्हती.

शुक्रवारी झोत बरोबर खराब बियांवर बसला. शेठ खूश. चहा आला. विभाग राहील, असं त्यांनी तिथंच सांगून टाकलं.

"पण केलं काय, मगरे?"

"काही न्हाई शेठ. दर वेळी भांडे घासनं बंद केलं."

शेठनी तोंडाशी नेलेला कप हळूच खाली ठेवला.

मगरे आता निवृत्त होऊन हसनाबादला असतात. त्यांच्या जागी आलेल्या मुलीसाठी मी ती फाइल नीट, शुद्ध भाषेत लिहायला घेतली. 'मेमरीची मालकी' या शब्दांपाशी ती म्हणाली, "मॅडम, हे समजलं न्हाई. ते जुनं समजलं होतं."

मी माझं लिहिलेलं पुसून टाकलं, मगरेंचीच फाइल राहू दिली. मला दुसरी कामं असतात.